उपदेश ‘शुद्ध’ आहे हे कसं ओळखायचं? आणि तारणाच्या खात्रीचं काय?

अबोली (धागाकर्ती)

गेले काही महिने रविवारच्या उपदेशाशिवाय ऑनलाइनही बरेच संदेश ऐकतेय. विषय एकच, तारणाची खात्री, म्हणजे देवाने आपल्याला पापातून वाचवलंय याचा भरवसा. पण उपदेशक बदलला की उत्तर बदलतं.

पहिल्यांनी सांगितलं, “तुमचं तारण कोणत्या दिवशी झालं ते सांगता येत नसेल, तर ते झालेलंच नाही.” दुसरे म्हणाले, “तू हात वर केलास, माझ्यामागून प्रार्थना म्हटलीस, झालं! आता शंका घेशील तर देवाला लबाड ठरवशील.” तिसऱ्यांनी मत्तय ७:२१ घेतलं, ‘मला प्रभू, प्रभू म्हणणारा प्रत्येक जण राज्यात जाईल असं नाही’, आणि तासभर असं झोडपलं की शेजारची बाई रडायला लागली. त्या तासाभरात वधस्तंभाचा उल्लेख एकदाही नाही.

माझ्या सासूबाई लहानपणापासून विश्वासात आहेत. तारखेचा संदेश ऐकल्यापासून त्या विचारतात, “मग माझं काय गं?” मी एका ज्येष्ठांना विचारलं, तर “अभिषिक्ताला हात लावू नये” एवढंच ऐकून घ्यावं लागलं.

प्रश्न दोन. ईश्वरविज्ञान न शिकलेल्या माणसाने उपदेश पारखायचा कसा? आणि मुळात पारखायचा अधिकार आहे का?

बिरुयाचा_रहिवासी

दुसऱ्याचं उत्तर आधी: अधिकार आहे, आणि कर्तव्यही. प्रे. कृत्ये १७:११ बघा. बिरुयातले लोक ऐकलेलं खरं आहे का हे रोज शास्त्रात शोधून बघत होते. आणि समोर बोलणारा कोण, तर पौल. ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांना उद्धट म्हणत नाही, थोर मनाचे म्हणतो. १ करिंथ १४:२९ मध्ये तर संदेष्टे बोलतील आणि इतरांनी पारख करावी असंच सांगितलंय. गलती १:८ मध्ये पौल स्वतःलाही सोडत नाही, स्वर्गातल्या देवदूतालाही नाही.

‘अभिषिक्ताला हात लावू नका’ हे स्तोत्र १०५ मधलं. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या मुलखात फिरत असताना राजांनी त्यांना इजा करू नये असा संदर्भ आहे. उपदेशातली चूक दाखवू नये असा नाही. दावीदाने शौल राजावर हात टाकला नाही हे खरं. पण गुहेतून बाहेर येऊन त्याचा अन्याय त्याच्या तोंडावर सांगितला (१ शमुवेल २४). आणि दावीद स्वतः अभिषिक्त असताना नाथान संदेष्ट्याने त्याला काय सुनावलं? ‘तो मनुष्य तूच.’

खिडकीतला_युतुख

पारखायचं नंतर, आधी जागं राहायचं कसं ते सांगा. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि माझा नामबंधू युतुख झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. (ह. घ्या.)

मधलीवाट

युतुखभाऊ, तुम्ही पडलात तरी उठवणारा पौल होता. आजकाल नुसताच लांब उपदेश असतो.

अबोलीताई, तारखेबद्दल. पौलाला तारीख होती, दिमिष्काच्या रस्त्यावर येशू भेटला ती. पण त्याचा सोबती तीमथ्य, त्याला? तो बालपणापासून पवित्र शास्त्र जाणत होता, आजी लोईस आणि आई युनीके यांचा विश्वास त्याच्यात आला. पौल त्याला ‘तारीख सांग’ म्हणत नाही. आणि पेत्राची तारीख कोणती धरायची? आंद्रियाने येशूकडे नेलं ती? जाळी सोडली ती? ‘तू ख्रिस्त आहेस’ म्हणाला ती? त्यानंतरही लूक २२:३२ मध्ये येशू त्याला म्हणतो, ‘तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर’. म्हणजे वळणं अजून बाकीच!

जन्म झाला याचा पुरावा जिवंत असणं हा आहे. सासूबाईंना विचारा, आज भरवसा कोणावर आहे. उत्तर ‘येशूवर’ असेल तर कॅलेंडर बंद करा.

जुना_मेथडिस्ट

तारखेची गोष्ट निघालीच आहे तर. आमच्या मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली, त्याची तारीख जगप्रसिद्ध आहे: २४ मे १७३८, ऑल्डर्सगेट स्ट्रीट, लंडन, रात्री पावणेनऊच्या सुमारास. कोणीतरी ल्यूथरने रोमकरांस पत्राला लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं आणि याचं मन अनपेक्षितपणे उबदार झालं. तोपर्यंत तो दीक्षित पाळक होता, जॉर्जियाला मिशनरी म्हणून जाऊन आला होता.

उपदेशक सांगतात ते इथपर्यंत. पुढचं कोणी सांगत नाही. जानेवारी १७३९ मध्ये, म्हणजे आठ महिन्यांच्या आतच, त्याच वेस्लीने रोजनिशीत लिहिलं की मी आज ख्रिस्ती नाही. आपल्यात देवावरची प्रीती नाही, आनंद नाही, असं स्वतःला तपासून त्याने ते लिहिलं. वेळेसकट तारीख असलेल्या माणसाची ही गत. तारखेने खात्री मिळत असती तर त्याला पहिली मिळाली असती.

तळटीप

+१. वेस्लीची दुसरी नोंद पहिल्यांदाच वाचतोय.

अग्निजिव्हा

सगळं वाचलं. माझं थोडं वेगळं मत आहे, रागावू नका.

तुम्ही सगळे उपदेशाचं शवविच्छेदन करताय. रोम ८:१६ म्हणतं की आत्मा स्वतः आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो की आपण देवाची मुलं आहोत. ती साक्ष ज्याला आहे त्याला तुमच्या संदर्भांची यादी लागत नाही. आमच्या मंडळीत अक्षरओळख नसलेल्या बहिणी आहेत, त्यांची खात्री इथल्या निम्म्या विद्वानांपेक्षा पक्की आहे. उपदेशात अभिषेक आहे की नाही हे आत्म्याला कळतं.

बिरुयाचा_रहिवासी

अग्निजिव्हा, साक्ष नाकारतच नाही. पण १ योहान ४:१ आत्म्यांचीच परीक्षा करा म्हणतं, आणि लगेच कसोटीही देतं: येशू ख्रिस्त देहाने आला हे कबूल करणं. म्हणजे अनुभवाला शिक्षणाची कसोटी लावायला योहानच सांगतोय. ‘मला आत जाणवलं’ हे चुकीचा उपदेश ऐकणाऱ्यालाही जाणवतं.

अग्निजिव्हा

मान्य. पण नुसती कसोटी असून आत काहीच न जाणवणारेही बरेच बघितलेत मी. तेवढं लिहून ठेवते.

फादरांचा_पुतण्या

कॅथलिक बाजू कोणी मांडत नाहीये म्हणून. आमच्या चर्चच्या ट्रेंट परिषदेच्या सहाव्या सत्रात (१५४७) असं ठरलं की विशेष प्रकटीकरण असल्याशिवाय ‘मी शेवटपर्यंत टिकणारच’ अशी निरपवाद खात्री कोणी सांगू नये. प्रोटेस्टंट मित्र याचा अर्थ ‘कॅथलिकांना कायम भीती’ असा लावतात. तसं नाही. भरवसा देवाच्या दयेवर आणि संस्कारांवर, शंका असेल तर ती स्वतःच्या दुबळेपणाची. १९९९ मध्ये ऑग्सबर्गला लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरवण्याच्या सिद्धांतावर (देव पाप्याला नीतिमान कसा ठरवतो) संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्यात तारणाच्या खात्रीवर वेगळा भाग आहे. मेथडिस्टांनी २००६ मध्ये त्याला संमती दिली.

आणि आमच्याकडे एक सोय आहे. प्रवचन फसलं तरी मिस्सा (आमची मुख्य उपासना) उरतो. वाचनं ठरलेली, मतांगीकार (विश्वासाची कबुली) ठरलेला. सगळा भार एका माणसाच्या तासभर बोलण्यावर नसतो.

खिडकीतला_युतुख

शेवटच्या दोन ओळींसाठी दंडवत. तासभराचा पीडित.

नाम_नको

थोडं कडू लिहिणार आहे.

आमच्या नात्यातला एक माणूस. पिऊन येऊन बायकोला मारायचा. तरुणपणी एका सभेत पुढे गेला होता, कार्डावर सही केली होती, ते कार्ड बायबलात जपून ठेवलेलं. काही बोललं की योहान १०:२८ काढायचा, ‘माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही’. पाळकही म्हणायचे, “तारण झालंय त्याचं, प्रार्थना करत राहा.” खात्री त्याला होती. घरच्यांना रात्रीची सुद्धा नव्हती.

तेव्हा सासूबाईंना दिलासा द्या, जरूर द्या. पण प्रत्येक उपदेशाने दिलासाच दिला पाहिजे असं म्हणू नका. ‘शांती नसता शांती, शांती म्हणतात’ हे यिर्मया कोणाबद्दल बोलला? धर्मगुरूंबद्दल आणि संदेष्ट्यांबद्दल. आणि ज्या योहान १० मधला तो श्लोक, त्याच्याच आधीचा श्लोक आहे, ‘माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात... ती माझ्यामागे येतात’. तो कार्डावर छापलेला नव्हता.

मधलीवाट

हे लिहिल्याबद्दल आभार. अशा माणसाच्या बाबतीत ‘प्रार्थना करत राहा’ एवढंच सांगणारा पाळक चुकीचं शिक्षणच देतोय. चुकीचं शिक्षण फक्त त्रैक्याविषयी (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) असतं असं नाही.

अबोली

@नाम_नको, वाचून गप्प झाले. म्हणजे दुसरा आणि तिसरा उपदेश एकमेकांचं औषध आहेत का? कोणाला घाबरवायला हवं, कोणाला धीर द्यायला हवा, हे उपदेशक ठरवणार कसं?

खडूफळा

मी स्वतः अधूनमधून उपदेश करतो (पाळक नाही, मंडळीतला वडील), म्हणून या बाजूने लिहितो.

अडचण हीच आहे. समोर एकाच वेळी दोन माणसं बसलेली असतात. एकाचं मन दगड झालेलं, त्याला ढोसायला हवं. दुसऱ्याचं मन इतकं हळवं की ‘पाप’ म्हटलं तरी ते स्वतःचंच नाव ऐकतं. तुम्ही कडक वाक्य बोलता ते दगडावरून घसरतं आणि हळव्याच्या काळजात रुततं. गोड वाक्य बोलता ते हळव्याला पटत नाही आणि दगड खिशात घालून घरी जातो. नेमकं उलटं. म्हणून वाक्य कोणाला उद्देशून आहे ते उपदेशातच बोलून दाखवावं लागतं.

आता तुमचा तिसरा उपदेश घ्या, मत्तय ७:२१-२३. तिथे बाहेर काढलेले लोक कोण आहेत नीट बघा. ‘आम्ही तुझ्या नावाने संदेश दिला, भुते घालवली, पुष्कळ महत्कृत्ये केली’ असं म्हणणारे. खात्रीची त्यांना वानवा नव्हती, उलट ओसंडून वाहत होती, आणि ती होती स्वतःच्या कामगिरीवर. सहा श्लोक आधी, ७:१५ मध्ये विषय सुरू होतो तो खोट्या संदेष्ट्यांपासून. म्हणजे या उताऱ्याने सगळ्यात आधी कोणाचे पाय लटपटायला हवेत? व्यासपीठावरच्याचे! तुमच्या उपदेशकांनी तो उतारा शेजारच्या बाईवर फेकला आणि स्वतः कोरडे राहिले. मग २१ व्या श्लोकातलं ‘पित्याच्या इच्छेप्रमाणे वागणारा’ सोडून द्यायचं का? नाही. तेही सांगायचं, पण योहान ६:४० जवळ ठेवून, की पुत्राला पाहून त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला सार्वकालिक जीवन मिळावं हीच पित्याची इच्छा आहे.

इब्री ६ चं तेच. ६:४-६ वर, ‘पतन झाल्यास त्यांना पश्चात्तापापर्यंत पुन्हा आणणं अशक्य’, यावर चाळीस मिनिटं बोलून ‘विचार करा’ म्हणत बसणारे ऐकलेत. बाबांनो, ६:९ पर्यंत तरी जा! ‘प्रियजनहो, आम्ही असं बोलतो तरी तुमच्याविषयी चांगल्याची आमची खात्री आहे.’ आणि अध्याय संपतो तो जिवाच्या नांगरावर. लेखकाने इशारा दिला तसा हातही दिला. इशारा ठेवून हात काढून घेतला तर तो उपदेश शास्त्रातून आलेला असूनही शास्त्राचा राहत नाही.

माझी पारख थोडक्यात ही: उपदेश संपल्यावर ऐकणारा कुठे बघतोय? स्वतःच्या तारखेकडे, आसवांकडे, कामगिरीकडे, उपदेशकाकडे, की मेलेल्या आणि उठलेल्या ख्रिस्ताकडे?

तळटीप

खडूफळा, प्रचंड सहमत. वहीत उतरवून घेतलं.

डॉर्टचा_दाखला

खडूफळांचं बहुतेक मान्य, पण इब्री ६ इतक्या सहज सुटत नाही. ‘अशक्य’ कोणाला? आमच्या कॅल्विनवादी परंपरेत उत्तर असं की खरा विश्वासी शेवटपर्यंत राखला जातो. पडले ते मुळात नवा जन्म न झालेले (१ योहान २:१९, ‘ते आपल्यातले नव्हते’). डॉर्टच्या धर्मसभेच्या (१६१८-१९) निर्णयांचा पाचवा भाग यावरच आहे.

मात्र आमच्याच घरात खात्रीबद्दल दोन सूर आहेत, ते इथे कामाचे. हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी (१५६३) २१ व्या उत्तरात म्हणते की ‘मलासुद्धा’ पापक्षमा मिळाली हा भरवसा खऱ्या विश्वासाचाच भाग. वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार (१६४६) अठराव्या प्रकरणात म्हणतो की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ही खात्री मिळायला बराच काळ थांबावं लागू शकतं, अनेक अडचणींशी झगडावं लागू शकतं. सासूबाईंना हे प्रकरण वाचून दाखवा. ज्याला खात्री नाही त्याला तारण नाही, असं म्हणायला तो साफ नकार देतो.

जुना_मेथडिस्ट

‘मुळात नव्हतेच’ हे उत्तर मला कधी पटलं नाही. मग आज खात्री असलेला तरी कशावरून ‘मुळात असलेला’? उद्या पडलो तर कळणार की कधीच नव्हतो! तुमच्या खात्रीलाही शेवटी ‘बघू पुढे’ आहेच. १६१० च्या रेमॉन्स्ट्रंटांनी (ज्यांचं मत डॉर्टने नाकारलं ते) पाचव्या कलमात प्रामाणिकपणे लिहिलं होतं की विश्वासी पडू शकतो का हे शास्त्रातून आणखी नीट तपासायला हवं. मला तो सूर आवडतो.

डॉर्टचा_दाखला

तो सूर त्यांनी पुढे बदलला, हेही लिहा की! बाकी इब्री ६ साठी वेगळा धागा काढा, हा बुडेल.

कुंपणावरचा

मी ख्रिस्ती नाही, कुतूहलाने वाचतोय. एक बाळबोध शंका. इथे कॅथलिक, मेथडिस्ट, कॅल्विनवादी, पेंटेकोस्टल सगळे वेगळं सांगतात. मग ‘शुद्ध शिक्षण’ म्हणजे नेमकं कोणाचं? प्रत्येकाच्या फूटपट्टीवर दुसरा तोकडाच भरणार.

मधलीवाट

बाळबोध नाही, मुद्द्याची शंका आहे. पण या धाग्यावर एकमत कशावर झालं तेही बघा. तारखेवर तारण ठरतं, असं कोणीही म्हणालं नाही. तासभरात वधस्तंभ आला नाही हे कोणालाच चाललं नाही. १ करिंथ १५:३-४, म्हणजे ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, हे पौल ‘मुख्य’ म्हणून सांगतो. नायसीयाचा मतांगीकार आम्हा बहुतेकांचा समान. शेवटपर्यंत टिकण्याबद्दलचे मतभेद खरे आहेत, जुने आहेत, पण ते घरातले. ‘आमच्याच मंडळीत तारण’, ‘मला रात्री नवीन प्रकटीकरण झालं’, ‘दान पेर म्हणजे आजार जाईल’ हे घराबाहेरचं. ही रेघ ओळखायला पदवी लागत नाही.

खिडकीतला_युतुख

दानावरून आठवलं. दिदाखे म्हणून सुरुवातीच्या मंडळीचं एक छोटं पुस्तक आहे, हस्तलिखित १८७३ मध्ये सापडलं. त्यात फिरत्या प्रेषितांची पारख दिलीय: तीन दिवस मुक्काम ठोकला तर खोटा संदेष्टा. पैसे मागितले तर खोटा. आणि आत्म्यात येऊन जेवणाचं पान मांडायला सांगितलं आणि स्वतःच त्यावर जेवला, तर तोही खोटा. तेव्हाही काय काय नमुने येत असतील!

अग्निजिव्हा

हाहाहा! जेवणाचं पान! आज हे उपदेशाच्या आधी वाचायला हवं, सगळ्याच मंडळ्यांत, आमच्याही.

कुंपणावरचा

मधलीवाट, धन्यवाद, ‘घरातले मतभेद’ समजलं. दिदाखे वाचायला घेतोय.

नाम_नको

एक भर. क्लिपांवरून उपदेश पारखू नका. मिनिटभराच्या तुकड्यात ‘इशारा’ असतो, ‘हात’ कापलेला असतो. किंवा उलट. दुसरा उपदेश ज्यांचा, त्यांचे पूर्ण संदेश ऐका, कदाचित पुढच्याच रविवारी पश्चात्तापावर बोलले असतील. पौल इफिसच्या वडिलांना म्हणतो की मी देवाचा सगळा मनोदय सांगण्यात कसूर केली नाही. एका संदेशात सगळा मनोदय मावत नाही.

पण वर्ष उलटलं तरी एकच तार वाजत असेल, तर ते लक्षात घ्या.

वातीवाला

उशिरा आलो. ‘हात वर करून प्रार्थना’ यावर कोणी नीट लिहिलं नाही. श्रोत्यांना तिथल्या तिथे निर्णयासाठी पुढच्या बाकावर बोलावण्याची पद्धत अमेरिकन उपदेशक चार्ल्स फिनीच्या सभांमुळे १८३० च्या दशकात गाजली. प्रेषितांच्या कृत्यांत तुरुंगाधिकारी विचारतो ‘तारण व्हावं म्हणून काय करू’, उत्तर येतं ‘प्रभू येशूवर विश्वास ठेव’, आणि त्याच रात्री बाप्तिस्मा. ठरावीक शब्द म्हणवून घेतलेले नाहीत.

तरी प्रार्थनेला हसू नये. येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराची एक ओळ होती, ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’, आणि तो नीतिमान ठरून घरी गेला. फरक असा की त्याला ‘आता शंका घेऊ नकोस’ असं कोणा माणसाने प्रमाणपत्र दिलं नाही. येशूने सांगितलं.

आणि ज्यांना स्वतःला सारखं तपासायची सवय आहे त्यांना: पेरलेलं रोज उकरून बघितलं तर उगवणार कसं? १ योहान ३:२० वाचा. आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे.

अबोली

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी आता उपदेशाचा उतारा आदल्या रात्री, मागचा-पुढचा अध्याय धरून वाचून जाते. निम्मं काम तिथेच होतं. उपदेशक कुठे थांबले आणि मजकूर कुठे थांबतो, ते दिसतं.

तारखेचा संदेश ज्यांनी दिला ते पाहुणे होते, पण आमच्या पाळकांनी नंतर त्याला दुजोरा दिला. त्यांना तीमथ्याबद्दल विचारायचं ठरवलंय. येत्या रविवारी सभा सुटल्यावर दारातच गाठू का?

खडूफळा

दारात नको. उपदेश उतरल्या उतरल्या माणूस रिकामा झालेला असतो, वर मागे हस्तांदोलनाची रांग. आठवड्यात वेळ मागून घ्या, दोघं बसून २ तीमथ्य १ आणि ३ उघडा, आणि “तीमथ्याची तारीख तुम्ही कोणती धराल?” एवढंच विचारा. सासूबाईंचं नाव लगेच काढू नका, नाहीतर चर्चा त्यांच्यावर जाईल.

मधलीवाट

आणि उत्तर इथे लिहा. पाळकांचं नाव न घेता.